गरम इंजिनावर पंचवीस

डॅशबोर्डवर चार गोल जागा होत्या. एकीत वेगाचा काटा, दुसरीत पेट्रोलचा. उरलेल्या दोन पत्र्याच्या चकत्या ठोकून बंद केलेल्या. व्हरांड्यात वर्तमानपत्रावर मांडलेलं सामान असं: मोडीत निघालेल्या फौजी ट्रकचे दोन मीटर, एक तेलाच्या दाबाचा, एक पाण्याच्या तापमानाचा, साडेचार फूट बारीक तांब्याची नळी, दोन पितळी जोड, आणि सायकलच्या ट्यूबमधून कापलेली एक रबरी कडी.

गाडी एकोणचाळीस सालची. आजोबांना ती एका इंग्रज साहेबानं जाताना दिली होती. बत्तीस वर्षं तिच्या तेलाचा दाब कोणी पाहिला नव्हता, कारण पाहायला काही नव्हतंच. बाबा कानानं चालवायचे.

"काहून उगाच भोकं पाडून राहिले?" आई आतून खाटेवरून म्हणाली. "चालते ना गाडी?"

"गावात चालते, इंदू. नागपूरच्या वाटेवर कुरईच्या घाटात चालंल का, ते पाहून राहिलो."

युद्धाच्या पहिल्याच ब्लॅकआउटला अंधारात आई अंगणात पडली होती. खुब्याजवळ हाड मोडलं. इथल्या डॉक्टरांनी नागपूरची सोमवारची वेळ मिळवून दिली आणि सांगितलं की आता हाडात खिळा बसला नाही तर पुढे बसवून उपयोग नाही, चालणं विसरा. तिला झोपवूनच न्यावं लागणार होतं. छोट्या लाइनच्या रेल्वेगाडीचे डबे माणसांनी भरून वाहत होते. टॅक्सीवाले नागपूर म्हटलं की मान हलवायचे. आमच्या गाडीची मागची सीट लांब होती आणि बाबांनी दोन डबे पेट्रोल जमवलं होतं.

बाबा फॅक्टरीत तपासनीस. युद्ध सुरू झाल्यापासून बारा-बारा तास माल पास-नापास करायचे. ती सवय घरीही सुटत नसे. काम सुरू करण्याआधीच त्यांनी मला सांगितलं, "लते, आकडा आत्ताच ठरवू. मग काटा पाहून मन बदलतं. ताशी तीस मैल, इंजिन गरम, तर तेलाचा दाब कमीत कमी पंचवीस पाउंड. त्याखाली असंल तर निघायचं नाही. इंजिन अर्ध्या वाटेत बसलं, तर जंगलात तुझ्या आईला कोण उचलंल?"

तापमानाचा मीटर मी स्वयंपाकघरात उकळत्या पाण्यात धरून पाहिला. अठ्ठ्याण्णव अंश दाखवले. आपलं शहर समुद्रापासून चारशे मीटर उंच, पाणी शंभराच्या आधीच उकळतं, म्हणजे बरोबर. तेलाचा मीटर टायरवाल्याकडे हवेवर तपासला. त्याच्या मीटरशी जुळला.

श्यामसुंदर मिस्त्रीनं इंजिनाच्या कडेचा एक बोल्ट काढला, तिथे जोड बसवला आणि नळीला दोन वेढे दिले. "हिलने से टूटे नहीं, दीदी," तो मला म्हणाला. पुढच्या पत्र्यातून नळी आत घेताना भोकाला रबरी कडी लावली. चकत्या काढल्या, मीटर बसले. बाबांनी इंजिन सुरू केलं आणि तेलाचा काटा सरळ पन्नासवर गेला.

"देखा!" श्यामसुंदर म्हणाला. "जवान है अभी!"

"थंड असताना सगळेच जवान असतात," बाबा म्हणाले.

"तो बाबूजी, गाढ़ा तेल डाल देता हूँ. गरम में भी सुई सलाम करेगी."

"सुई करेगी. घिसा हुआ बेअरिंग नहीं करेगा."

"बेअरिंग बदलवा लो फिर."

"कोण बदलंल? साऱ्या लेथवर फॅक्टरीचं काम चालू आहे. तूच तर म्हणाला, महिन्याआधी कोणी हात लावणार नाही."

श्यामसुंदर पाना पुसत राहिला.

रविवारी सकाळी बाबा आणि मी गाडी तपासायला तिलवाऱ्याच्या पुलाच्या रस्त्याला लागलो. निघताना शेजारच्या सत्यवतीकाकू आईच्या उशाशी बसून तिच्या लुगड्यांच्या घड्या पिशवीत घालत होत्या. आई बाबांना म्हणाली, "मला पण पास करा जी. नापास केलं तर फॅक्टरीत परत नका पाठवू."

बाबा हसले नाहीत. हेडलाइटच्या काचा वरून अर्ध्या काळ्या रंगवल्या होत्या. समोरून फौजी ट्रकांची रांग आली, तिला वाट देत आम्ही बराच वेळ कडेला उभे राहिलो. बाबांनी इंजिन बंद केलं नाही.

"वाच."

"पाणी सत्तर. तेल अठरा. पण गाडी उभी आहे."

"उभ्या गाडीचं नको सांगू."

रस्ता मोकळा झाला. पूल दिसायला लागला तेव्हा वेग तीसवर स्थिर होता आणि पाणी ब्याऐंशीवर. बाबा समोर पाहत होते. एकदाही त्यांनी मीटरकडे पाहिलं नाही.

"किती?"

"पंचवीस," मी म्हणाले. काटा अगदी रेषेवर होता.

त्यांच्या हातांची पकड सैल झाली. पुलाच्या अलीकडे त्यांनी विचारलं, "कुठून वाचलं?"

"इथून. माझ्या सीटवरून."

मीटर त्यांच्या समोर होता, काटा तबकडीपासून चांगला वर उचललेला, आणि मी डावीकडून तिरकी पाहत होते. तिरकं पाहिलं की काटा पुढच्या आकड्यावर दिसतो; बी.एस्सी.च्या पहिल्याच प्रॅक्टिकलला हे शिकवतात.

"इकडे ये," ते म्हणाले आणि दाराकडे सरकले. वेग त्यांनी तीसवरच ठेवला. मी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकवलं, एक डोळा मिटला आणि काट्याच्या अगदी समोरून पाहिलं.

"वेग?"

"तीस."

"पाणी?"

"ब्याऐंशी."

"तेल?"

"बावीस."