पेट्रोलच्या काठीची एक चूक

गाडीच्या टाकीत काठी बुडवून पेट्रोल मोजताना तुम्ही कधी कुणाला पाहिलं आहे का? नसेल पाहिलं. आता गाड्यांना काटे असतात आणि ते चालतातही. मी तीच काठी बोलतेय, मालवणच्या काशीराम ड्रायव्हरची. दोन हात लांब, अंगठ्याएवढी जाड आणि एका टोकाला काळी पडलेली. सध्या मी कोंबड्यांच्या खुराड्याचं दार अडवते. उजाडलं की मला काढायचं, सांज झाली की लावायचं. अंगाला अजून पेट्रोलचा वास येतो, म्हणून कोंबड्या माझ्याजवळ बसत नाहीत. मला त्याचं काही वाटत नाही. दमलेल्या माणसाला गर्दी नको असते, तसं माझं झालं आहे.

माझा जन्म मिठबावच्या एका पोफळीच्या बागेतला. वाऱ्याने एक पोफळ आडवी झाली होती. भाडं घेऊन तिथे गेलेल्या काशीरामने तिची एक चीर मागून घेतली. घरी आणून मला कोयत्याने तासलं, काचेच्या तुकड्याने घासून गुळगुळीत केलं. मग आपल्या जुन्या काळ्या गाडीची टाकी रिकामी करून तो एकेक गॅलन पेट्रोल ओतत गेला. दर गॅलनला मला आत बुडवायचं आणि जिथवर भिजेन तिथे खाच पाडायची. पाच गॅलन, पाच खाचा. खाच पाडताना दुखलं. पण साधी चीर होते, ती त्या दिवशी कामाची काठी झाले.

त्या काळ्या गाडीच्या काट्याने माझ्या आधीच राम म्हटला होता. त्यामुळे सगळा भरवसा माझ्यावर. मुंबईची आगबोट आली की पडावातून चाकरमानी धक्क्यावर उतरत आणि काशीराम त्यांना गावोगाव पोचवी. निघण्याआधी मला बुडवायचा, उजेडात धरायचा आणि म्हणायचा, "अडीच. पोचतलंव." आणि गाडी पोचायची. नऊ वर्षांत मी त्याला एकदाही वाटेत उभं केलं नाही.

पण गाडी म्हातारी झाली. पेट्रोल लांबून डब्यांतून आणावं लागे आणि ती ते ढोसायची. एव्हाना एस.टी.ही सुरू झाली होती. धक्क्यावर चहाचं दुकान चालवणारा भिकाजी काशीरामला डिवचायचा, "काय रे काशीराम, तुजी गाडी भाडा मारूक येता काय पेट्रोल पिऊक?"

"तुज्या चायपरास बरा आसा ता पेट्रोल," काशीराम म्हणायचा. हसायचा, पण घरी येऊन मला खुंटीला टांगताना त्याचा हात जड झालेला असे.

त्याच खुंटीवर माझ्या शेजारी डोक्यावर पाटीखाली ठेवायची एक चुंबळ असायची, त्याच्या बायकोची, पद्मावतीची. पद्मावती मासे विकायची. पहाटे बंदरावर मासे घ्यायचे, पाटी डोक्यावर घ्यायची आणि चालत चौके गावापर्यंत जायचं. गाडी घरची असली, तरी माशांची पाटी तिच्यात कधी चढली नाही. वास बसला तर उतारू चढत नाहीत. वीस वर्षांच्या ओझ्याने तिची मान आखडली होती. दुपारी परतल्यावर ती चुंबळ खुंटीला लावायची आणि भिंतीला डोकं टेकून नुसती उभी राहायची. दोघी आम्ही एका खुंटीवरच्या. चुंबळ रोज घामाने ओली, मी पेट्रोलने.

अठ्ठावन्न साली दिवाळीनंतर पद्मावतीने हातातल्या पाटल्या काढून काशीरामसमोर ठेवल्या.

"ह्यो घेवा आणि नवी गाडी बघा. पण पेट्रोल कमी खाणारी होई. घरात चार पैसे उरले, तर मी पाटी सोडीन. माजी मान आता सोसणा नाय."

काशीरामने पाटल्या रुमालात बांधल्या. "पाटी सोडतलंस," तो म्हणाला. "माजो शब्द."

मग कोल्हापूरहून एक विक्रेता दोन नव्या गाड्या घेऊन आला. एक आकाशी रंगाची, आखूड, दिसायला साधी. दुसरी चॉकलेटी, लांबरुंद, गाद्यांना नव्या रेक्झिनचा वास. किमतीत फारसा फरक नव्हता. प्रश्न एकच होता, कुठली कमी पिते.

"चॉकलेटी घ्या, साहेब," विक्रेता म्हणाला. "गाडी मोठी, पण खायला चिमणीसारखी."

"तुमचा ऱ्हवांदे," काशीराम म्हणाला आणि मला पुढे केलं. "ही सांगतली, तांच खरां."

खरं सांगते, त्या क्षणी मला अभिमान वाटला. इतक्या माणसांत, इतक्या चकचकीत लोखंडात, शेवटचा शब्द माझा होता.

दोन्ही गाड्या कसालपर्यंत नेऊन परत आणायच्या ठरल्या. जाण्याआधी मला बुडवायचं, आल्यावर बुडवायचं. पद्मावती दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "आयकलात काय? एक तांब्यो पाणी घागरीतसून काडलात तर घागरीच्या गळ्यात कळता. परातीतसून काडलात तर कळता काय? ही काठी काळ्या गाडयेची. ह्या गाडयांची टाकी कशी आसा, ता कोणी बघितलाहा?"

विक्रेता हसला. "वहिनी, गाडी आहे ही. परात नव्हे."

"मगे टाकी काठोकाठ भरा. जावन येवा आणि डब्यान मापून परत काठोकाठ करा. जेचेत कमी जायत, ती गाडी घेवा."

"काठोकाठ भरूक इतक्या पेट्रोल खंयसून आणू?" काशीराम वैतागला. "हयसर डब्यात तीन गॅलन पण नाय."

त्याची आई यमुनाबाई ओटीवर बसून विडा कुटत होती. तिने खलबत्ता थांबवला. "गो पद्मावती, नऊ वर्सां काठी खोटी बोलली नाय. आता बोलतली काय? तू तुजे बांगडे बघ."

पद्मावती आत गेली. मी काय सांगणार? मला कुठे तोंड आहे? मला भिजता येतं, एवढंच.

आकाशी गाडी कसालहून आली, तेव्हा मी दीड खाच कोरडी निघाले. चॉकलेटी आली, तेव्हा जेमतेम एक. काशीरामने मला पुन्हा पुन्हा बुडवून पाहिलं. प्रत्येक वेळी तेच. "बघलंस?" तो पद्मावतीला म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आनंदाचं. त्याला खरोखर वाटलं की आपण तिला दिलेला शब्द पाळला.

पाटल्या मोडून चॉकलेटी गाडी दारात आली. हार घातला, नारळ फोडला. यमुनाबाईने गाडीवरून दृष्ट काढली. पद्मावतीने त्या दिवशी चुंबळ खुंटीला लावली, ती दुसऱ्या दिवशी काढलीच नाही. आठ दिवस गेले, महिना गेला. चुंबळ सुकली, हलकी झाली. पद्मावती दुपारी ओटीवर बसून जाळं विणू लागली. मान हळूहळू वळू लागली तेव्हा एकदा ती आपणहून हसली आणि म्हणाली, "हयसून माका माड दिसता. इतके दिवस खालीच बघी होतंय."

काशीराम मात्र रोज रात्री डबे हलवून पाहू लागला. भाडी चांगली होती, पण पेट्रोलचे डबे भराभर रिकामे होत होते. आधी त्याला वाटलं, कुणी चोरतंय. मग वाटलं, नवी गाडी आहे, सुरुवातीला पीत असेल. माणसाला नको असलेलं उत्तर दारात उभं असलं, तरी तो मागच्या बाजूला शोधत राहतो, हे मी तेव्हा पाहिलं.

महाशिवरात्र आली. कुणकेश्वरच्या यात्रेचे दोन दिवस गाडीला उसंत नव्हती. यात्रा संपवून काशीराम तिन्हीसांजेच्या आधी घरी आला, तेव्हा टाकी पार कोरडी झाली होती. पद्मावतीने नरसाळं धरलं. त्याने एक गॅलन ओतला आणि मला आत सोडलं.

मी अर्ध्या खाचेपर्यंतच भिजले.

त्याने मला पुसलं, परत बुडवलं. अर्धी खाच. त्याने दुसरा गॅलन ओतला. तेव्हा कुठे मी पहिल्या खाचेला पोचले.

काळ्या गाडीची टाकी उभी होती. हिची परातीसारखी पसरट. माझी एक खाच म्हणजे तिचे दोन गॅलन. कसालच्या फेरीत ती जेमतेम एक खाच प्यायली नव्हती, दोन गॅलनांच्या घरात प्यायली होती. आणि जी आकाशी गाडी दीड खाच प्यायली म्हणून आम्ही परत पाठवली, तिची टाकी अरुंद असणार. ती बिचारी गॅलनभरच प्यायली असेल. सगळं त्या दारात उभं राहून पद्मावतीने सांगितलं होतं.

काशीराम पायरीवर बसला. मला दोन्ही हातांत धरलं. मला वाटलं, आता मोडतो. मोडायला हवं होतं, असंही वाटलं.

"तुज्यो पाटल्यो गेल्यो," तो म्हणाला. "आणि शब्द पण."

गाडी परत घ्यायला कुणी तयार होणार नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. पद्मावतीने नरसाळं खाली ठेवलं. मग ती त्याच्याजवळ बसली.

"काठयेक मोडू नकात. तिची चूक नाय. तिका दुसऱ्या घरातली गोष्ट इचारलात, तिना आपल्या घरातला सांगल्यान."

"मगे चूक कोणाची?"

"आता ता इचारून काय मिळतला?" ती म्हणाली. "पुढल्या वेळेक माका इचारा."

आतून यमुनाबाईचा खलबत्ता वाजत होता. तो मध्येच थांबला.

मग काशीरामने कोयती आणली. मला उलटं केलं आणि माझ्या कोऱ्या बाजूवर, चॉकलेटी गाडीच्या टाकीसाठी, नव्या खाचा पाडायला बसला. पहिल्या दोन पाडून झाल्या, पुढच्या पेट्रोल येईल तशा पडल्या. खाचा जवळजवळ होत्या. या वेळी दुखलं नाही.

पुढे काही वर्षांनी गॅलन गेले, लिटर आले. मग गाडीही गेली. माझ्या दोन्ही बाजूंच्या खाचा आता कुणालाच वाचता येत नाहीत. माझं एवढंच मागणं आहे. माझ्यासारख्या जुन्या, खऱ्या बोलण्याच्या वस्तूवर विश्वास जरूर ठेवा, पण ती कुठल्या टाकीसाठी कोरली होती, ते आधी विचारा. आणि घरात कुणी घागर-परातीची गोष्ट सांगत असेल, तर तिला बोलू द्या. आता मला दार लावायचं आहे, कोंबड्या आत आल्या.

एक सांगायचं राहिलंच. नव्या खाचा पाडल्या त्या संध्याकाळी काशीरामने मला पुसून खुंटीला लावलं, चुंबळीशेजारी. दुसऱ्या दिवशी पहाटे पद्मावतीने चुंबळ काढली, बंदरावर काशीरामने माशांची पाटी उचलून तिच्या डोक्यावर ठेवली आणि ती चौक्याच्या रस्त्याला लागली.