वैद्य ल्वान यांच्या चुलीवरची हंडी

मित्रांनो, माझ्या तोटीचा टवका उडाला आहे आणि पोट धुराने काळे पडले आहे, पण तेवढ्यावरून मला मोडीत काढू नका. मी एक जुनी मातीची हंडी आहे, काढा उकळण्याची. चीनच्या ईशान्येला, छांगपाय डोंगराच्या पायथ्याच्या एका गावात वैद्य ल्वान राहतात. त्यांच्या चुलीवर माझे आयुष्य गेले.

वाळू मिसळलेल्या मातीतून कुंभाराने मला घडवले. वैद्यांची बायको यूरू हिने भर बाजारात मला बोटाने वाजवून पाहिले आणि घरी आणले. त्यांच्या एकुलत्या एका मुलीचा, यालानचा, गोवर आणि खोकला माझ्यातल्या काढ्यानेच उतरला. शेजारीपाजारीही मला मागून नेत. आमच्याकडे काढ्याची हंडी कोणी परत आणून देत नाही. दिली तर तिच्याबरोबर आजारही येतो म्हणतात. मग यूरूच मला घ्यायला जायची. "हिच्यातलं औषध लागू पडतं हो," असे लोक म्हणत, तेव्हा मला अभिमान वाटे.

मग यूरूचेच पाय सुजू लागले. वैद्यांनी मुथोंग नावाच्या वेलीच्या वाळक्या चकत्या काढ्यात घातल्या. सूज ओसरली, पण पुन्हा आली. तिचा चेहरा पिवळट पडला, तशा वैद्यांनी चकत्या वाढवल्या. सकाळी ते स्वतः चूल पेटवत आणि वाटी तिच्या हातात देत.

"म्हाताऱ्या, यापेक्षा तुझी बोलणी खाल्लेली परवडली," यूरू तोंड वाकडे करी.

"कडू आहे म्हणूनच गुण येतो. नाक दाब आणि गिळ!"

यालान शहरातल्या प्रयोगशाळेत काम करत होती. प्रत्येक वनस्पतीच्या पेशीत तिची कुळकथा चार अक्षरांच्या लिपीत लिहिलेली असते. ती लिपी अथपासून इतिपर्यंत वाचायची, हे तिचे काम. नववर्षाला ती घरी आली आणि वडिलांच्या कपाटातल्या खणाखणातून चिमूट चिमूट औषध घेऊ लागली.

वैद्य हसले. "मी जिभेवर ठेवलं की ओळखतो. तुझ्या यंत्राला जीभ आहे का गं?"

"तुमच्या जिभेचीच परीक्षा घेतेय, बाबा," यालान म्हणाली. यूरूही खूप हसली.

त्यानंतर एकदा यालान न कळवताच आली. पायातले बूट न काढता ती स्वयंपाकघरात शिरली आणि तिने उकळत्या काढ्यासकट मला चुलीवरून उतरवले. तिची बोटे भाजली.

"बाबा, आई हे कधीपासून पितेय?"

"सूज आली तेव्हापासून. का गं?"

"हा मुथोंग नाही. बंदी घातलेली दुसरी वेल आहे. ती मूत्रपिंडं खाते."

"ती मला माहीत आहे! ती आपल्याच डोंगरात उगवते, म्हणून तर मी दक्षिणेचा माल घेतो. व्यापाऱ्यानं शपथ घेतली होती. मी वास घेतला, चावून पाहिलं..."

"वाळवून कापल्यावर दोन्ही सारख्याच दिसतात. आम्ही दोन्ही वेलींची लिपी वाचली आहे, बाबा. तुमच्या खणातली चकती त्या दुसरीशीच जुळली."

त्या दोघांनी यूरूला इस्पितळात नेले. तिथे कळले, तिची दोन्ही मूत्रपिंडे आक्रसली होती. गेलेले परत येणार नव्हते.

इस्पितळातून आल्यावर वैद्यांनी उरलेल्या सगळ्या चकत्या माझ्यात ओतल्या आणि पाणी घातले. भिंतीला धरत धरत यूरू आली.

"काय चाललंय?"

"तुला पाजलं. आता मीही पितो."

"आणि मग? गल्लीत आणखी कितीजणांना दिलंस हे! त्यांना कोण सांगणार? मला उंबरा ओलांडवत नाही. टाक ते, आणि आधी पाओकडे जा."

पाओ म्हणजे शेजारचा गवंडी. वैद्य गेले आणि लगेच परतले.

"काय म्हणाली त्याची बायको?"

"त्याला इस्पितळात रक्त शुद्ध करायच्या यंत्रावर ठेवलंय म्हणाली. मग दार लावून घेतलं."

यूरूने तांदळाच्या डब्याचे झाकण काढले. "उद्या पुन्हा जा. तिला थोडे तांदूळ... नको, काही नेऊ नकोस. नुसता जा."

ज्वारीची कापणी व्हायच्या आत यूरू गेली. वैद्यांनी आपले औषधांचे दुकान बंद केले. ते अजून एकेक दार ठोठावत असतात. काही दारे उघडतच नाहीत. यालान आता गावोगावच्या बाजारांतून चकत्या गोळा करून तपासते. त्यातल्या पुष्कळ खोट्या निघतात. मला सरपणाच्या खोलीत ठेवले आहे. मला कोणी फोडत नाही आणि चुलीवरही कोणी चढवत नाही.

मित्रांनो, औषधी झाडे जपा, पण त्यांची ओळखही जपा. जुने ज्ञान उकिरड्यावर टाकू नका आणि नव्याला दाराबाहेर ताटकळत ठेवू नका. औषध देणाऱ्याच्या मायेवर संशय घेऊ नका; पण वाटीत काय आहे, ते मात्र जरूर विचारा. यूरूने कधी विचारले नाही. नवऱ्याला असे कोण विचारते?