एकाच साच्यातले दोन मेंदू

मित्रांनो, मी एका शाळेतला जुना मेंदू आहे. हसू नका! खराखुरा नव्हे, प्लास्टरचा. रंग फिका गुलाबी, वजन अडीच किलो, उजव्या बाजूचा टवका उडालेला. परंदवडीच्या अलीकडे, भातखाचरांच्या कडेला आमची शाळा आहे. तिथल्या प्रयोगशाळेच्या काचेच्या कपाटात माझी बत्तीस वर्षं गेली. प्लास्टरच्या गोळ्याला काय कळतं, असं म्हणत असाल तर खुशाल म्हणा. बत्तीस वर्षं विज्ञानाचे तास ऐकल्यावर गोळ्यालाही दोन गोष्टी कळू लागतात.

माझा जन्म तळेगावचा. तिथे अंबाजी नावाचे मूर्तिकार होते. गणपती-गौरी उरकल्या की त्यांच्या कारखान्यात सामसूम व्हायची. मग ते शाळांसाठी डोळा, कान, हृदय असले नमुने करायचे. आमच्या शाळेने एक मेंदू सांगितला होता. अंबाजींनी एकाच साच्यातून दोन काढले. "टेम्पोत एक फुटला तर दुसरा असू दे," असं ते बायकोला म्हणाले, ते मी स्वतः ऐकलं आहे. म्हणजे मी जास्तीचा. त्यात साच्यातून निघताना माझ्या पाठीवर सुपारीएवढं टेंगूळ आलं. अंबाजींनी ते कानशीने घासायला घेतलं आणि घासता घासता माझं चांगलं बोटभर अंग कमी केलं. त्यामुळे माझा भाऊ माझ्याहून थोडा मोठा दिसू लागला. आमच्यात फरक काय तो एवढाच.

आम्ही दोघे एकाच खोक्यात, भाताच्या पेंढ्यात बसून शाळेत आलो. खोकं उघडलं सोपानमामांनी. सोपानमामा म्हणजे आमचे शिपाई. तेव्हा पंचविशीतले होते. अक्षर अगदी मोत्यासारखं आणि स्वभाव असा की कुणाचं काम अडू द्यायचं नाही. दोन दिवसांनी तपासणीला साहेब येणार होते. प्रत्येक वस्तूवर नाव पाहिजे, असं मुख्याध्यापकांनी सांगून ठेवलं होतं. विज्ञानाचे कैलास सर नेमके बाहेरगावी! सोपानमामा आमच्यासमोर डोकं खाजवत बसले. मागवला होता एक, आले दोन. एक मोठा, एक लहान. आणि एकदम त्यांचा चेहरा उजळला.

"आरं, जोडीनं आल्यात म्हंजी नवरा-बायकूच असनार की!"

त्यांचंही काय चुकलं म्हणा. त्यांच्या घरच्या देव्हाऱ्यात देव जोडीने, पूजेला माणसं जोडीने, आहेरसुद्धा जोडीने. बाकांवर नंबर घालून उरलेला काळा ऑइलपेंट त्यांनी आणला. माझ्या भावावर झोकात लिहिलं 'पुरुष' आणि माझ्यावर 'स्त्री'.

साहेब आले, चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "वा! फार छान!" झालं! साहेबांनी वाखाणलेलं कोण पुसणार? कैलास सर परतल्यावर त्यांनी टेप लावून आम्हाला मोजलं आणि नववीच्या वर्गात त्याचा धडाच घेतला. "बघा, पुरुषाचा मेंदू मोठा, स्त्रीचा लहान. म्हणून यंत्रं मुलांनी हाताळायची आणि मुलींनी सुबक आकृत्या काढायच्या." सर मनाने वाईट नव्हते हो. पोरांवर जीव टाकायचे. पण त्या दिवसापासून मुलांच्या हातात बॅटरी, घंटी आणि तारा आल्या, मुलींच्या हातात पेन्सिल राहिली.

आमचं कौतुक मात्र फार झालं. लोणावळ्याच्या विज्ञान प्रदर्शनात आमच्या जोडीला दुसरं बक्षीस मिळालं. एक गुटगुटीत मुलगा मला बघून "ही तर भेजाफ्राय!" म्हणाला, त्याचा तेवढा राग आला. परत येताना मुलं भुशी धरणाच्या पाण्यात मनसोक्त खेळली आणि तशाच ओल्या हातांनी मला उचललं. माझा टवका उडाला तो तिथे.

खरं सांगू का मित्रांनो? दर वर्षी तोच धडा ऐकून मलासुद्धा तो पटला होता. आपण कमीच, असं धरून मी भावाच्या बाजूला गुपचूप बसायचो. भावाच्याच साच्यातून निघालेला मी! कानशीने घासलेलं मला ठाऊक होतं, तरी पटलं होतं. लाज वाटते आता सांगताना.

पुढे कैलास सर निवृत्त झाले. शाळेत संगणक आला. पडद्यावर गरगर फिरणारा रंगीत मेंदू आल्यावर आम्हाला कोण विचारतो? कपाटाची किल्ली हरवली. काचेवर धूळ बसली, आत पालींनी अंडी घातली. दहा वर्षं मला कुणाचा हात लागला नाही.

आता यंदाची गोष्ट ऐका. दहावीचा निकाल लागला होता. कार्यालयाला रंग देत होते, म्हणून दाखले प्रयोगशाळेत वाटायचे ठरलं. विज्ञानाच्या नव्या अनिता मॅडमनी त्याच सकाळी कुलूप तोडून कपाट साफ करायला काढलं होतं. आम्ही दोघे टेबलावर, नुकते पुसलेले. तेवढ्यात प्रतीक्षा आली. बरोबर वडील श्रीपती आणि आई चंपा.

श्रीपतीला मी लगेच ओळखलं. कैलास सरांच्या त्या पहिल्या वर्गात तो तिसऱ्या बाकावर होता. आता तो कारखान्यात प्रेस मशीन चालवतो. डाव्या हाताच्या एका बोटाचं पेर मशीनने नेलंय. प्रतीक्षा घरातला पंप, मिक्सर, पंखा सगळं खोलून दुरुस्त करणारी पोरगी. तिला मेकॅनिकलच्या डिप्लोमाला जायचं होतं. अर्जाची मुदत त्याच दिवशी पाच वाजता संपत होती आणि अर्जावर वडिलांची सही राहिली होती.

"मॅडम, तुमीच समजवा हिला," श्रीपती म्हणाला. "मास्तरीन हो म्हनतोय, नर्स हो म्हनतोय. तर मशीनच पायजे!"

"पण पप्पा, मला येतं ते! आपला पंप कुणी चालू केला?"

"पंप येगळा, बाळा, आन् कारखान्याचं मशीन येगळं. मी काय तुजा वैरी हाय का?" श्रीपतीने आम्हाला बघितलं आणि त्याला जोरच आला. एका हातात माझा भाऊ, दुसऱ्या हातात मी. "ह्ये बघ. ह्याच साळंत, ह्याच मेंदूंवर शिकलोय मी. ह्यो पुरुषाचा, ह्यो बाईचा. बोटभर कमी हाय, बघ की! तुजं बोट गेलं तर मी कुटं तोंड लपवू?"

मित्रांनो, लेकीवरच्या मायेनेच तो बोलत होता, आणि तिच्या वाटेत उभं करायला त्याने मलाच उचललं होतं. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

दारात काहीतरी खळकन वाजलं. सोपानमामा चहाचे कप घेऊन उभे होते. आता केस पिकलेत, पुढच्या वर्षी निवृत्त होतील.

"श्रीपती," ते म्हणाले, "ती अक्षरं माजी हायती."

"तुमचं अक्षर कोन वळखत न्हाई मामा?"

"तसं न्हाई रं. मला कुनी सांगितलं नव्हतं, मीच मनानं लिवलं. जोडीनं आल्यात तर नवरा-बायकू असतील म्हनून! पुढं दोन वर्सांनी अंबाजी भेटलं. म्हनलं, दुसरा जास्तीचा दिलता, एक फुटला तर असावा म्हनून. एकाच साच्यातलं हायती दोनी. ल्हान झाला त्यो घासून." मामांनी कप खाली ठेवले. "तवाच पुसायला पायजे व्हतं. पर सायबानं वाहवा केलती ना! गप बसलो. तीस वर्सं गप बसलो."

श्रीपतीने आम्हाला हळूच टेबलावर ठेवलं. मग विचारलं, "पर मॅडम, बाईचा मेंदू ल्हान असतोय, ह्ये तर खरं ना?"

अनिता मॅडमनी सरळ उत्तर दिलं. "पुष्कळ माणसांची सरासरी काढली तर पुरुषांचा थोडा मोठा भरतो. त्यांचं अंगही मोठं असतं. आणखी बारीकसारीक फरक सापडतात, त्यावर शास्त्रज्ञांचे अजून वाद चाललेत. पण नुसत्या आकाराने अक्कल ठरली असती, तर कारखाना हत्तींनी चालवला असता. त्यांचा मेंदू आपल्या तिप्पट असतो! आणि भाऊ, सरासरी म्हणजे प्रतीक्षा नव्हे. तिला काय जमतं हे तिला करू दिल्यावरच कळेल. बोटाची भीती वाटते ना? मग मशीनवर हात कसा सांभाळायचा ते तुम्ही शिकवा तिला. तुमच्याइतकं ते कुणाला माहीत असणार?"

श्रीपती प्रतीक्षाकडे बघायचं सोडून चंपाकडे बघू लागला. ती इतका वेळ कागदांची पिशवी छातीशी धरून उभी होती.

"चंपा, त्या वराळ्याच्या कंपनीत बायकांना मशीन शिकवत व्हते... तू इचारलं व्हतंस."

"दोनदा इचारलं व्हतं," चंपा म्हणाली. "दुसऱ्या टायमाला तुमी हसला."

"मी ह्येच सांगितलं व्हतं तुला. मेंदूचं."

"व्हय."

"आजून घेत्यात का बगू? मी उद्याच जातो."

"तिशीच्या आतल्या घेत्यात. मी चाळीस पुरी केली." तिने पिशवीतून अर्ज काढून त्याच्यासमोर ठेवला. आवाजात राग नव्हता, ते मला जास्त लागलं. "माजं ऱ्हाऊ द्या. हिच्यावर सही करा. साडेतीन वाजल्यात."

श्रीपतीने सही केली. प्रतीक्षा अर्ज घेऊन सायकलवर सुसाट गेली आणि तो तिच्या मागे फाटकापर्यंत "हळू जा गं!" म्हणत धावला. सोपानमामांनी रंगाऱ्याकडून थिनरचं फडकं आणून आम्हा दोघांवरची अक्षरं घासून काढली. घासताना ते डोळे पुसत होते.

मित्रांनो, मला नीट ठेवा, वर्षातून एकदा धूळ झटका, एवढं मागायचा मला हक्क आहे. पण ते नाही केलंत तरी चालेल. त्याऐवजी एक करा. आज घरी गेलात की आईला विचारा, तिला काय शिकायचं होतं. ती आधी "काही नाही रे" म्हणेल, हसेल, कामाला लागेल. तुम्ही मात्र ती सांगेपर्यंत तिथून उठू नका.