मिठाला गेलेला बाप

"मावशीकडे शेंगा सोलायला चाललेय," अशी बापाला थाप मारून ओर्डेलाने गोणपाटात गुंडाळलेली गिटार काखेत मारली आणि शहराची बस धरली.

अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरात त्यांच्या चर्चमध्ये वाद्याला बंदी होती. तिचा बाप बर्चेल तिथला मुख्य गायक. तो एक ओळ आळवून थांबायचा, मग सगळे तीच ओळ लांबवून मागे म्हणायचे. गिटार हे सैतानाचं हत्यार आणि रेडिओ हे त्याचं घर, असं त्याचं ठाम मत. पोरगी रेडिओवर गाणार हे कळलं असतं, तर तिचं गाणं कायमचं बंद झालं असतं. पण गाण्यावाचून तिला चैन पडत नव्हतं, त्याला ती तरी काय करणार!

शनिवारी दुपारी रेडिओवर पिठाच्या एका कंपनीचा गाण्यांचा कार्यक्रम होता. सभागृह गच्च भरलेलं.

"घाबरू नकोस," निवेदक म्हणाला, "शेवटी कंपनीच्या पिठाचं नाव घ्यायला तेवढं विसरू नकोस."

ओर्डेलाने तार छेडली, "दार उघड सजणा, मी घर सोडून आले" ही स्वतः रचलेली ओळ खड्या आवाजात म्हटली, आणि सवयीने थांबली. कुणीच मागे म्हणेना. रेडिओवर शुकशुकाट, निवेदकाला घाम.

"काय हो, उपाशी आलात का सगळे? म्हणा की!" ती खेकसली.

हशा पिकला. पण माणसं डोंगरातलीच. पुढच्या क्षणी अख्खं सभागृह एका सुरात गाऊ लागलं. पिठाचं नाव राहूनच गेलं. तरी कंपनीच्या मालकाने तिला दर शनिवारी बोलावलं.

ती बसमधून उतरली ती होबर्टकाकांच्या दुकानापाशी. गावातला एकुलता एक रेडिओ तिथलाच.

"शेंगा फार गोड सोलल्यास हो!" काका म्हणाले.

तिने गोणपाट पाठीमागे सरकवलं. "बाबांना कळलं?"

"मिठाला आला होता. तू थांबलीस आणि इथे सगळे चिडीचूप. तर हा गडी डोळे मिटून गायला लागला, 'दार उघड सजणा!' शेवटपर्यंत गायला, आणि मीठ विसरून गेला. ही घे पुडी."

बाप ओसरीवर बसला होता.

"झाल्या शेंगा?"

"झाल्या." तिने मिठाची पुडी त्याच्यापुढे ठेवली. "ही दुकानात राहिली."

बाप कानापर्यंत लाल झाला. त्याने पुडीकडे पाहिलं, मग गोणपाटाकडे.

"दुसरी ओळ फार वर घेतलीस. लोकांना झेपत नाही," तो पुटपुटला. "पुढच्या शनिवारी पण मावशीकडे?"

"हो."

ओर्डेलाला रडू फुटलं, आणि हसूही.

पुढे तिचं नाव देशभर झालं. ओळ म्हणून थांबणारी पोरगी म्हणून लोक तिला डोक्यावर घेऊ लागले. बापाने मात्र रेडिओ ऐकतो असं मरेपर्यंत कबूल केलं नाही. तो गेल्यावर तिने फडताळ उघडलं, तर आत वरपर्यंत मिठाच्या पुड्या रचलेल्या होत्या.