दीड हात

माणसाला नाव आईबाप ठेवतात, पण ते चालवायचं की बदलायचं हे चारचौघं ठरवतात. केस कापायचं दुकान चालवणाऱ्या आपल्या या गृहस्थाला सगळे दीडहात म्हणत, आणि ही पदवी त्याने स्वतःच्या तोंडाने कमावली होती. झालं होतं असं, की उन्हाळ्यात एका सकाळी तळ्यावर त्याच्या गळाला काहीतरी लागलं. त्या काहीतरीने काठी वाकवली, याला गुडघाभर पाण्यात ओढलं आणि दोरा तोडून ते पसार झालं. मासा कोणी पाहिला नाही, याने स्वतःही नाही. पण न पाहिलेल्या गोष्टीचं वर्णन करायला अडचण कसली? सुरुवातीला तो मासा हातभर होता. मग गिऱ्हाइकांच्या प्रेमामुळे वाढत वाढत दीड हातावर जाऊन थांबला, तोही दुकान अरुंद म्हणून. त्याहून जास्त हात पसरले की कात्री आरशावर आपटायची.

श्रोत्यांची वाण नव्हती. गळ्याभोवती कापड गुंडाळलेलं आणि मानेवर वस्तरा टेकलेला असला की माणूस कुठल्याही माशावर विश्वास ठेवतो. तळ्यावर गळ टाकून बसणाऱ्यांचं एक मंडळ होतं. त्या मंडळाने तर यंदा दीडहातलाच अध्यक्ष करायचं ठरवलं होतं. फक्त मंडळाचे चिटणीस, निवृत्त पोस्टमास्तर, दर वेळी गोष्ट संपली की विचारायचे, “पण पाहिला कोणी?” अशा वेळी दीडहात त्यांच्या कानाजवळची कात्री जरा जास्तच जोरात चालवायचा.

या गोष्टीला एक घरगुती शेपूट होतं. गळाच्या दोऱ्याला तरंगायला बूच लागतं. लांबून दिसावं म्हणून त्याने ते बायकोच्या लाल नेलपॉलिशने रंगवलं होतं. बाटली निम्मी झाली, मग घाबरून त्याने ती फेकूनच दिली. बायकोचा संशय गेला नणंदेवर, कारण त्याच आठवड्यात ती येऊन गेली होती. झालं, दोघींचा अबोला सुरू झाला. दीडहात मूग गिळून बसला. बूच आणि बहीण यांत निवडायची वेळ आली तर बूच निवडणारा तो माणूस नव्हता, पण तशी वेळ कोणी आणलीच नव्हती, मग आपण होऊन कशाला आणा, असं त्याचं म्हणणं.

ती नणंद, म्हणजे त्याची धाकटी बहीण, जनावरांची डॉक्टर होती. तिचा दवाखाना पलीकडच्याच गल्लीत. वहिनीशी अबोला असल्यामुळे ती दुकानामागच्या त्यांच्या घरात पाऊल टाकत नसे. काम पडलं तर दुकानाच्या पुढच्या दाराने यायची. त्या दिवशीही तशीच आली, हातात प्लॅस्टिकचा टब घेऊन.

“दादा, तुझी बारीक कात्री दे. आणि दिवा जवळ घे. माझ्याकडच्या कात्र्या मोठ्या जनावरांच्या मापाच्या आहेत.”

टबात एक कासव होतं. तळ्याच्या रखवालदाराने आणून दिलेलं. मानेभोवती आणि पुढच्या पायाभोवती तंगुसाचे, म्हणजे गळाच्या त्या न दिसणाऱ्या नायलॉनच्या दोऱ्याचे, इतके फास बसले होते की पाय सुजून दुप्पट झाला होता. खालच्या ओठात गळ रुतला होता.

लहान मुलांचे केस कापताना खुर्चीच्या हातांवर ठेवायची एक फळी होती. ती टाकली, तिच्यावर कासव ठेवलं आणि ते चावू नये म्हणून बहिणीने त्याचं डोकं कापडात धरलं. आरशात पाहिलं तर सरळ दाढीला बसलेलं गिऱ्हाईक. बाकावर बसलेले पोस्टमास्तर म्हणाले, “माझा नंबर आधी होता. पण असू दे.”

दीडहातने कात्री चालवली. काहीही म्हणा, त्याच्या हातात कसब होतं. कातडीला न लागता तो एकेक फास तोडत गेला, आणि तोडता तोडता त्याला खरोखरच कसंतरी झालं. हे मुकं जनावर किती दिवस हे ओढत फिरलं असेल, असं मनात येऊन त्याने ज्याने कोणी दोरा टाकला त्याला एक सणसणीत शिवीही दिली. मग शेवटचा वेढा सुटला आणि पोटाखालून एक बूच बाहेर आलं. लाल रंगाचं.

शिवी परत आली ती अशी.

बूच त्याने पटकन मुठीत घेतलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. या मुठीत तर अख्खा मासा होता, अध्यक्षपद होतं, आणि वर बायकोची नेलपॉलिश. बहिणीने तेवढ्यात ओठातला गळ अलगद काढला, औषध लावलं.

“वाचलं,” ती म्हणाली. “एकच गळ होता. बरेच दिवस खाल्लेलं दिसत नाही, पण ते ओठ दुखत असल्यामुळे असेल. संध्याकाळी तळ्यात सोडून देते.”

दीडहातची मूठ तशीच. एकच गळ होता हे बहिणीला वाटणं साहजिक होतं. पण दीडहात एका दोऱ्याला कायम दोन गळ बांधायचा, दुसरा एका आखूड फाट्यावर, जरा खोल. तो फाटा इथे कुठेच नव्हता. तुटून पाण्यात पडला असेल, असं त्याने स्वतःला सांगून पाहिलं. किंवा घशात असेल. घशात असेल तर हे तळ्यात जाईल आणि महिनाभर उपाशी राहून मरेल, आणि ते कोणाला कळणारही नाही. त्याच्या माशासारखंच, कोणी पाहिलेलं नसेल.

बहिणीने टब उचलला.

“दोन होते,” दीडहात म्हणाला.

“काय दोन?”

“गळ. दुसरा आतमध्ये असेल.”

“तुला काय माहीत?”

त्याने मूठ उघडली. नेमकी तेव्हाच बायको धुतलेल्या टॉवेलांचा गठ्ठा घेऊन मागच्या दारातून आत आली. तिने बूच पाहिलं, नवऱ्याचं तोंड पाहिलं, आणि गठ्ठा खाली ठेवला.

“अहो, हा माझा रंग आहे.”

“हो.”

बायको मग इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच नणंदेकडे वळून म्हणाली, “तो टब जड असेल. एका बाजूने मी धरते.”

बाकावर पोस्टमास्तरांचा हिशेब अजून चालूच होता. “म्हणजे तो मासा...”

“हे कासव होतं,” दीडहात म्हणाला. एवढं बोलायला त्याला जितका जोर लागला तितका त्या दिवशी तळ्यातही लागला नव्हता.

“पण दीड हात?”

सगळे कासवाकडे बघू लागले. पोस्टमास्तर उठले आणि लांबूनच बोटं ताणून माप घेतलं. “दीड वीत,” त्यांनी जाहीर केलं. “आकडा बरोबर होता. माप तेवढं चुकलं.”

दुसरा गळ घशातच निघाला. मोठ्या इस्पितळात एक्स-रे काढून तो काढावा लागला, आणि त्या प्रवासात नणंद-भावजय इतक्या बोलल्या की दीडहातची उरलीसुरली लबाडीही उजेडात आली. अध्यक्षपद गेलं. नाव मात्र राहिलं, फक्त हाताची वीत झाली. बायकोने दुकानात एक पत्र्याचा डबा ठेवला: तुटका दोरा, गळ, दोऱ्याला वजन म्हणून लावायच्या शिशाच्या गोळ्या, जे असेल ते यात टाकायचं. आणि कोणी खुर्चीत बसून सुटलेल्या माशाची गोष्ट सुरू केली, की ती मागच्या दारातून विचारायची, “मासा गेला ते कळलं. दोरा कुठाय?” गोष्ट सांगणारा निमूटपणे घरी जायचा, काठी घेऊन तळ्याकाठची झुडपं विंचरायचा आणि दोरा आणून डब्यात टाकायचा. हळूहळू असं झालं, की त्या तळ्यातून मोठा मासा सुटणंच बंद झालं. आता जे मासे लागतात ते सगळे हाती येतात आणि बोटभर असतात.

दीडवीतला आपल्या माशाची आठवण येते. यायचीच, एवढा वाढवलेला. सुट्टीच्या दिवशी तो बायकोबरोबर काठावरचे दोरे गोळा करत फिरतो. परवा दगडावर एक कासव ऊन खात बसलेलं दिसलं, खालच्या ओठाला खाच असलेलं. तेच. पलीकडे एक अनोळखी माणूस गळ टाकून बसला होता. दीडवीतला राहवेना. “हे माझ्या गळाला लागलं होतं,” तो म्हणाला. “एवढं होतं,” आणि सवयीने हात पसरले. मग बायको शेजारी उभी आहे हे आठवून ते मुकाट्याने जवळ आणले, दीड वितीच्या बरोबर मापावर.

बायकोने एकदा कासवाकडे पाहिलं, एकदा त्याच्या हातांकडे.

“अहो, थोडं मोठं दाखवा,” ती म्हणाली. “वाढलंय ते.”