ॲफ्रोडाइटीचं हळदीकुंकू

माझ्या सासूबाईंशी माझं एकाच गोष्टीवरून भांडण होतं, आणि ते मी दरवर्षी हरत होते.

गोष्ट कुंकवाची. सासूबाई, म्हणजे आशाताई, एकेकाळी सांगलीत हळदीकुंकवासाठी गल्लीभर प्रसिद्ध होत्या. सासरे गेले आणि त्यांनी कपाळ मोकळं केलं, करंड्याला हात लावायचं सोडलं. कुणी सांगितलं नव्हतं. नणंदेनं, मी, अगदी शेजारपाजारच्या बायकांनीही विनवण्या केल्या, पण आईंनी ठरवलं म्हणजे ठरवलं. तेव्हापासून दर शरदात त्या आमच्याकडे वॉटफर्डला येतात, नवरात्रात हौसेनं घट बसवतात, सगळा फराळ स्वतः करतात, आणि हळदीकुंकवाच्या बायकांनी बेल वाजवली की वरच्या खोलीत जाऊन दार लोटून घेतात. कुणाच्या शुभकार्यात आपली सावली नको म्हणे. खाली मी हसतमुखानं मसाला दूध वाटायचं आणि वर त्यांनी एकटीनं बसायचं. ते दूध माझ्या घशाखाली उतरायचं नाही.

यंदा मी हट्टाला पेटले. मी तशी तापट, माहेरी मला फटाक्यांची माळ म्हणायचे. घट बसले त्याच दिवशी जाहीर केलं की आई खाली बसणार नसतील तर हळदीकुंकू होणार नाही. आई म्हणाल्या, माझ्यापायी घरची रीत मोडू नकोस. मी म्हटलं, रीत तुमचीच आहे, मोडा नाहीतर ठेवा. मग दोघींचा अबोला. माझा नवरा कुशल अशा वेळी लॅपटॉपमध्ये तोंड घालतो आणि जगात युद्धं चालू असल्यासारखा गंभीर दिसतो.

अबोला चालू असतानाच शेजारची मारूला आमचं पार्सल घेऊन आली. मारूला मूळची सायप्रसची, लहानपणीच इंग्लंडला आलेली, रिटायर्ड शाळामास्तरीण. नवरा गेल्यापासून कायम काळ्या कपड्यांत. आईंच्या भुवया वर गेल्या, सणासुदीला काळं म्हणून. त्यांच्यात विधवा काळं घालतात असं मी कानात सांगितलं, तशा आई उठल्या आणि तिच्यासाठी चहा टाकला.

मारूलाची नजर घटावर खिळली होती. मातीत पेरलेलं धान्य बोटभर वर आलं होतं, पिवळसर हिरवं. ती खाली वाकून बघत राहिली. मग म्हणाली की तिच्या देशात फार पूर्वी बायका अशीच उथळ भांड्यांत गहू, बार्ली पेरायच्या, कोंब आले की पाण्यात सोडायच्या. ॲफ्रोडाइटी देवीसाठी. आईंनी मला कोपरानं ढोसलं, म्हणजे सांग ती काय म्हणते ते. अबोला तिथंच संपला.

मी दुभाषी झाले. ॲफ्रोडाइटी म्हणजे प्रेमाची देवी, समुद्राच्या फेसातून वर आली, सायप्रसच्या किनाऱ्याला लागली. आई म्हणाल्या, म्हणजे आपल्या लक्ष्मीचीच जात की. पुढे मारूलानं अडोनिसची गोष्ट सांगितली. देखणा तरुण, देवीचा प्रियकर, शिकारीला गेला आणि रानडुकरानं फाडला. इथं मी अडखळले. समोर घट, शेजारी दिवसभराचा उपास धरलेल्या सासूबाई, माझ्या तोंडून ‘प्रियकर’ काही निघेना. मी ‘नवरा’ म्हटलं.

देवी अनवाणी रानात धावली, काटे रुतले, पाय रक्ताळले, पण ती पोचली तेव्हा तो गेला होता. तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि मोठमोठ्यानं रडली. त्याच्या रक्तातून लाल फुलं उगवली. बायका ते धान्य पेरायच्या ते त्याच्यासाठी, तिच्याबरोबर रडायच्या म्हणून.

आईंचा चहा थंड झाला होता. त्यांनी मला विचारायला सांगितलं, मग पुढं तिचं देवपण गेलं का. मी विचारलं. मारूलाला प्रश्नच कळेना. मी फिरवून फिरवून विचारला.

“का जाईल?” मारूला म्हणाली. “ती प्रेमाची देवी होती. आता तर तिला प्रेम जास्तच कळलं होतं.”

रात्री जेवताना आईंनी ताटाकडे बघत सांगितलं की यंदा मी खाली बसेन, पण करंड्याला हात लावणार नाही, आणि त्या मारूलालाही बोलव. मी इतकी खूश झाले की ‘नवरा’ शब्द दुरुस्त करायचं मनातही आणलं नाही. उलट आता तो उघडा पडला तर सगळं मुसळ केरात, म्हणून देवीचा विषयच काढायचा नाही असं ठरवलं.

पण विषय आईंनीच काढला. हळदीकुंकवाच्या दिवशी दिवाणखाना जरीच्या साड्यांनी भरलेला, सोफ्यावर काळ्या झग्यात मारूला आणि तिच्या शेजारी फिक्या साडीत आई. माझी मैत्रीण वैभवी कौतुकानं म्हणाली, काकू यंदा खाली, छान वाटलं. झालं, आईंना हुरूप आला. त्यांनी सगळ्यांना देवीची गोष्ट सांगायला घेतली, नवरा गेला तरी तिचं देवपण कसं गेलं नाही ते. वैभवी गेल्याच वर्षी सायप्रसला हॉलिडेला जाऊन आलेली, देवीचा खडक, म्युझियम सगळं पाहून आलेली. तिला राहवतंय कुठलं.

“अहो काकू, नवरा कुठला? नवरा तर लोहार होता, तो जिवंत होता. हा तिचा बॉयफ्रेंड.”

माझ्या हातात करंडा होता. तो तसाच धरून मी उभी राहिले. आईंनी माझ्याकडे पाहिलं.

“खरं का गं देविका?”

मी मान डोलावली. आता या उठणार, जिना चढणार आणि पुन्हा कधी खाली येणार नाहीत, एवढंच मला दिसत होतं. आई मारूलाकडे वळल्या. त्यांनी स्वतःच्या इंग्लिशमध्ये विचारलं, “नॉट हजबंड?” मारूला नाही म्हणाली, आणि पुढे म्हणाली, पण तिचा जीव होता त्याच्यावर.

वैभवी बिचारी ओशाळून बांगड्या मागंपुढं करत होती.

“नवरा नसून ती जगापुढं रडली,” आई हळू म्हणाल्या, “आणि कुणी तिचं काही काढून घेतलं नाही. मी तर उभा जन्म संसार केला. माझंही कुणी काही काढून घेतलं नव्हतं गं. मीच काढून ठेवलं.”

त्या उठल्या. जिन्याकडे नाही, माझ्याकडे आल्या. करंडा माझ्या हातातून घेतला आणि मारूलाला हळदीकुंकू लावलं. मग तिच्यासमोर वाकून उभ्या राहिल्या. मारूलाला सांगावं लागलं नाही. तिनं अंगठ्यानं केवढं तरी मोठं कुंकू आईंच्या कपाळाला लावलं, नाकावर सांडलं ते पदरानं पुसायला मी पुढं झाले, पण आईंनी मला थांबवलं. राहू दे म्हणाल्या.

मी देवाधर्मातली फारशी नाही. पण त्या क्षणी त्या परक्या समुद्रातल्या देवीचे, मारूलाचे, अगदी तोंडाळ वैभवीचेही मला पाय धरावेसे वाटले. मी सगळं प्रेमानं झाकलं होतं आणि वैभवीनं ते भसकन उघडं केलं, म्हणून हे झालं.

“रडतेस काय, माठ,” आई म्हणाल्या. “तुझे सासरे गेल्यापासून तुझ्या कपाळाला माझा हात लागला नाही. ये इकडं, आता तू.”