जाऊन येते

"जहाज बांधणं कुणालाही जमतं. जहाज मोडायला माणूस लागतो," असं मुराओकासान दर सोमवारी सकाळी सगळ्या कामगारांना उद्देशून सांगत. सगळे कामगार म्हणजे दोन. त्यांतल्या ओंदासानना जन्मभर लोखंडावर घण घालून आता ऐकू येत नसे, आणि दुसरी सुचेता, जिने उभ्या आयुष्यात एक खिळासुद्धा उपटला नव्हता. ती ईमेल लिहायची.

आजचंही सांगून झालं. मग मुराओकासान खिडकीतून बाहेर पाहत उभे राहिले. यार्डात एकच बोट उरली होती.

"हात्सुमारूचं काय करायचं?" सुचेताने विचारलं.

"चहा करा," मुराओकासान म्हणाले.

गेला महिनाभर या प्रश्नाला हेच उत्तर होतं.

जपानात, हिगाशी-कसाईत जुन्या एदो नदीच्या काठी मुराओकांचं हे बोटी मोडायचं यार्ड. वडिलांनी काढलेलं. सुचेता आठ वर्षांपूर्वी तिथे बाइतोला, म्हणजे पार्टटाइम नोकरीला लागली, ती एका गैरसमजावर. भारतात अलंग नावाचं गाव आहे आणि तिथे जगातली मोठमोठी जहाजं मोडतात, एवढं मुराओकासानना ठाऊक होतं. त्यावरून हे काम प्रत्येक भारतीयाला जन्मतःच येत असणार, असं ते धरून चालले होते. सुचेता कोथरूडची, एम.कॉम. तिने जवळून पाहिलेलं सगळ्यांत मोठं जहाज म्हणजे घारापुरीची लाँच, आणि तिच्यात तिला उलटी झाली होती. इंटरव्ह्यूत तिने "अलंगबद्दल ऐकलंय," एवढंच सांगितलं. ते खोटं नव्हतं.

धंदा तेव्हाही मरणपंथालाच लागलेला होता, पण चालत होता. लोखंडी बोटी भंगारात जात, लाकडी बोटींच्या फळ्या कॅफेवाले टेबलं करायला नेत, इंजिनं मनिलाला जात, आणि त्यांच्याबद्दलची इंग्रजी पत्रं सुचेता लिही. मग बोटी फायबरच्या झाल्या. फायबरची बोट मोडता येते, विकता येत नाही. ती टाकायलाही वर आपल्याच खिशातून पैसे घालावे लागतात. "हा धंदा नव्हे, हे सोदाइगोमी आहे," मुराओकासान म्हणत. सोदाइगोमी म्हणजे मोठा कचरा: जुन्या गाद्या, कपाटं वगैरे, जो न्यायला फोन करून वेगळी गाडी बोलवावी लागते. शेवटी त्यांनी जागा विकून टाकली. मार्चअखेर ती मोकळी करून द्यायची होती.

सगळं मोकळं झालं, हात्सुमारू सोडून. ही मुराओकांच्या वडिलांची लाकडी बोट. मोडायला काढलेल्या बाकीच्या बोटी नदीतून ओढून आणायला वडील हीच वापरत.

कुठलीही बोट मोडण्याआधी मुराओकासानांची एक रीत होती. बोटीच्या टोकावर थोडी साके, म्हणजे तांदळाची दारू, ओतायची, कमरेत वाकायचं आणि म्हणायचं, "ओत्सुकारेसामा." दमलीस, फार केलंस. मग ओंदासान पहिला घाव घालत. हात्सुमारूजवळ मुराओकासान तीनदा बाटली घेऊन गेले होते आणि तीनदा भरलेली बाटली घेऊन परत आले होते.

"तुम्हीच बोला त्यांच्याशी," ओंदासान सुचेताला म्हणाले. स्वतःला ऐकू येत नसल्यामुळे ते हे ओरडून म्हणाले, आणि मुराओकासान शेजारीच उभे होते. "महिना संपला की जागेवाल्यांचं मशीन येईल. पंजात धरून चिरडतील तिला. आपल्या हातांनी मोडली तर निदान बोट म्हणून जाईल."

"ऐकलं मी," मुराओकासान म्हणाले.

"काय?" ओंदासान म्हणाले.

त्या संध्याकाळी विभा, सुचेताची नववीतली मुलगी, घराची किल्ली न्यायला यार्डात आली. सुचेताचीही निघायची वेळ झाली होती. तिने पर्स उचलली आणि दारात वळून रोजच्यासारखं म्हणाली, "इत्तेकिमास."

"इत्तेराश्शाइ," आतून मुराओकासानांचं रोजचं उत्तर आलं.

विभाने सायकलीचं कुलूप काढलं. मग म्हणाली, "मम्मा, तू हे रोज म्हणतेस?"

"का गं?"

"इत्तेकिमास घरातून निघताना म्हणतात. म्हणजे, मी जाऊन येते. आणि घरचे म्हणतात इत्तेराश्शाइ, जाऊन ये. ऑफिसमधून निघताना ओसाकि नि शित्सुरेइ शिमास. एव्हरीवन नोज. सो हाझुकाशी, लाजच वाटते."

"अगं, पण आपण 'जाते' असं म्हणत नाही ना. आपण 'येते' म्हणतो."

"धिस इज जपान, मम्मा."

जेवताना जगदीशला हे कळलं तेव्हा तो ठसका लागेपर्यंत हसला. "आठ वर्षं? त्या बिचाऱ्याला वाटत असेल, ही बाई यार्डातच राहते, संध्याकाळी जरा पाय मोकळे करायला बाहेर पडते."

"पोळी घे," सुचेता आपल्या नवऱ्याला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने दारात वळून, दुपारभर घोकलेलं वाक्य म्हटलं. "ओसाकि नि शित्सुरेइ शिमास." तुमच्याआधी निघते, माफ करा. उच्चार बिनचूक होते.

मुराओकासाननी मान वर केली. त्यांनीही ठरलेलं, बिनचूक उत्तर दिलं.

"ओत्सुकारेसामा."

सुचेताचा पाय दारातच अडला. खरं तर यात काहीच नव्हतं. अख्ख्या जपानात संध्याकाळी ऑफिसं सुटताना लोक एकमेकांना हेच म्हणतात. पण मुराओकासानांच्या तोंडून तिने हा शब्द आजवर फक्त बोटींना उद्देशून ऐकला होता. घरी जाताना तिने दोनदा मागे वळून पाहिलं, ओंदासान घण घेऊन येतायत की काय म्हणून.

शेवटच्या आठवड्यात एका सकाळी मुराओकासाननी कपाटातून बाटली काढली आणि बाहेर पडले. ओंदासान करवत घेऊन मागे गेले. सुचेता आजवर हे सगळं खिडकीतूनच बघायची. आज तीही चपला घालून गेली.

मुराओकासाननी हात्सुमारूच्या टोकावर साके ओतली. वाकले. आणि वाकलेलेच राहिले.

"तोंडातून निघत नाही," ते तसेच म्हणाले. मग मान वळवून, "सुचेतासान, तुमचा तो शब्द कुठे गेला? चार दिवस झाले."

"तो चुकीचा होता. मुलीने सांगितलं." तिला आता थोडा रागही आला. "तुम्हाला माहीत होतं ना? सांगायचंत तरी."

"पहिल्याच दिवशी सांगणार होतो." ते बोटीचा आधार घेत सरळ झाले. "या फाटकातून आत आलेलं काही कधी परत गेलं नाही, सुचेतासान. आम्ही जाऊच देत नाही, धंदाच तो. अशा जागी कुणीतरी रोज 'जाऊन येते' म्हणायचं. आणि सकाळी खरंच यायचं. म्हटलं, राहू दे व्याकरण."

सुचेता म्हणाली, "आमच्यात 'जाते' म्हटलं की आई ओरडायची. कायमचा निघालेला माणूससुद्धा 'येतो'च म्हणतो."

"कायमचा निघालेलासुद्धा?"

"हो."

"आणि घरचे काय म्हणतात?"

"'ये' म्हणतात."

मुराओकासान पुन्हा बोटीकडे वळले. एका फळीवर हात ठेवला, जिथला रंग केव्हाच उडालेला होता.

"इत्तेराश्शाइ," ते म्हणाले.

ओंदासानना यातलं अक्षर ऐकू आलं नव्हतं. मालक वाकले आणि सरळ झाले, एवढं त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी करवत सुरू केली.

हात्सुमारूच्या फळ्या आतून किडलेल्या निघाल्या. कॅफेवाल्याने बघून नको म्हटलं, आणि शेवटी त्या कचऱ्याच्या गाडीतच गेल्या. पण तोवर ती बोट राहिली नव्हती, त्यामुळे मुराओकासाननी ते चालवून घेतलं.

शेवटच्या संध्याकाळी सुचेताने ऑफिसची किल्ली टेबलावर ठेवली, चहाचे कप धुऊन पालथे घातले आणि पर्स उचलली. खिडकीतून नुसती नदी दिसत होती. दारात ती वळली.

"इत्तेकिमास."

मुराओकासान खुर्चीतून उठले. आठ वर्षांत ते यासाठी कधी उठले नव्हते.

"इत्तेराश्शाइ."

तिथे आता सायकलींचं पार्किंग झालंय. भाजी आणायला जाताना सुचेता सायकल तिथेच लावते. पहिले दोन तास फुकट असतात.